माळेगाव यात्रा

माळेगाव यात्रा ही महाराष्ट्रातील नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या नावाने दरवर्षी भरणारी यात्रा आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस देवस्वारीने तिचा प्रारंभ होतो आणि अधिकृत कार्यक्रम चार ते पाच दिवस चालतात. देवदर्शन, घोडे, गाढवे व उंट यांचा बाजार, भटक्या जमातींचा मेळा, पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल, लोककला महोत्सव आणि लावणी महोत्सव ही या यात्रेची प्रमुख अंगे होत. 'दक्षिण भारतातील सर्वांत मोठी यात्रा' असे तिचे वर्णन वृत्तपत्रांतून व शासकीय पत्रकांतून केले जाते. हे बिरुद मोजणीपेक्षा लौकिकावर आधारलेले आहे. मात्र मराठवाड्यासह तेलंगणा व कर्नाटकाच्या सीमाभागातून लोक येथे येतात, ही वस्तुस्थिती आहे. यात्रेत प्रवेशाला मूल्य नाही आणि शासकीय रंगमंचावरील कार्यक्रमही विनामूल्य असतात.

लोककलांचे महोत्सव आज अनेक ठिकाणी भरतात. तेथे आधी मंच उभारला जातो आणि मग कलावंतांना बोलावले जाते. माळेगावात क्रम उलटा आहे. कलावंत देवासाठी, जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी आणि आपल्या जातभाईंना भेटण्यासाठी येतच होते. मंच त्यांच्या मागून आला. हा क्रम ध्यानात घेतला तरच या यात्रेचे स्वरूप, आणि तिच्यात आज होत असलेले बदल, नीट समजतात.

स्थान आणि नाव

माळेगाव हे नांदेड–लातूर मार्गावर लोहा व अहमदपूर या गावांच्या दरम्यान आहे. अहमदपूर लातूर जिल्ह्यात मोडते, त्यामुळे यात्रा नांदेड जिल्ह्याची असली तरी तिचा निम्मा परिवार लातूर जिल्ह्यातला म्हणावा लागतो. लोहा हा स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी हा परिसर कंधार तालुक्यात होता. राष्ट्रकूटांच्या काळापासून इतिहासात नाव असलेले कंधार येथून जवळ आहे.

नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे मालेगाव आणि बारामती तालुक्यातील साखर कारखान्याचे माळेगाव यांच्याशी या गावाची गल्लत होते. ती टाळण्यासाठी 'माळेगाव (यात्रा)' असा निर्देश रूढ झाला आहे. यात्रा हेच गावाचे आडनाव झाल्याची अशी उदाहरणे थोडी.

तिथी आणि तिचे महत्त्व

खंडोबाचा मुख्य उत्सव चंपाषष्ठी हा मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस असतो. जेजुरीसह बहुतेक खंडोबाच्या स्थानी तो दिवस मोठा मानतात. माळेगावची यात्रा मात्र त्यानंतर तीन आठवड्यांनी, महिना संपता संपता भरते. ही गणना महाराष्ट्रातील अमान्त पंचांगाची आहे. उत्तर भारतातील पूर्णिमान्त पद्धतीत हाच पंधरवडा पौष वद्य ठरतो.

तिथी चांद्र असल्याने इंग्रजी तारीख डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या पूर्वार्धापर्यंत पुढे-मागे सरकते. २०२२ साली ही चतुर्दशी २२ डिसेंबरला होती. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आल्याने ती १० जानेवारी २०२४ वर गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस २९ डिसेंबरला पुन्हा आली. म्हणजे २०२३ या इंग्रजी वर्षात यात्रेचा एकही प्रारंभदिन पडला नाही आणि २०२४ मध्ये दोन पडले. यात्रेला येणाऱ्या जुन्या माणसांना याचे नवल वाटत नाही. त्यांच्या हिशेबी ती दरवर्षी एकाच दिवशी असते.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या येते. ही दर्शवेळा अमावस्या लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत 'वेळ अमावस्या' किंवा 'येळवस' म्हणून साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप उभारून पूजा होते. आंबील, उंडे आणि अनेक भाज्या-डाळी एकत्र शिजवलेली भज्जी यांचे जेवण शेतात येईल त्याला वाढले जाते. उत्तर कर्नाटकात हीच तिथी 'एळ्ळ अमावस्या' या नावाने, जवळजवळ अशाच रीतीने पाळतात. लातूरकडचा शेतकरी म्हणूनच एकतर चतुर्दशीला देवस्वारी पाहून रात्रीत घर गाठतो, नाहीतर येळवस आटोपून यात्रेला निघतो.

या दिवसांत यात्रा भरण्यामागे शेतीचा हिशेबही आहे. सोयाबीन व कापूस यांचा पैसा हाती आलेला असतो, रब्बीची पेरणी उरकलेली असते आणि ज्वारी हुरड्यावर येऊ लागलेली असते. घर सोडून चार दिवस बाहेर राहता येईल आणि बैल किंवा घोडे घेता येईल, असा हा काळ आहे.

दैवत

माळेगावचा खंडोबा मल्हारी, मार्तंड, म्हाळसाकांत या नावांनी ओळखला जातो. खंडोबाचा संप्रदाय भाषेच्या सीमा ओलांडून पसरलेला आहे. कर्नाटकात तो मैलार, तेलुगू प्रदेशात मल्लन्ना. बिदरजवळचे मैलार आणि तेलंगणातील कोमुरवेल्ली ही त्याची प्रसिद्ध स्थाने माळेगावच्या दक्षिणेस व पूर्वेस आहेत. तीन भाषांच्या या पट्ट्यात माळेगाव वसले असल्याने येथील भाविकांत मराठीबरोबर कन्नड व तेलुगू बोलणारे असणे स्वाभाविक आहे. 'येळकोट' या जयघोषातील 'येळ' हा शब्दही कन्नडमधील 'सात' या अर्थाच्या 'एळु' शब्दापासून आला असल्याचे सांगितले जाते. त्याचा अर्थ 'सात कोटी' असा करतात.

देवाच्या संसारकथेतही हा मेळ दिसतो. त्याची पहिली पत्नी म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, दुसरी बाणाई धनगराची. व्यापारी, शेतकरी, मेंढपाळ आणि शिकारी अशा निरनिराळ्या समाजांना हा देव आपला वाटतो. रा. चिं. ढेरे यांचा 'खंडोबा' हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनीही या दैवताचा आणि त्याच्या धनगर भक्तांचा दीर्घकाळ अभ्यास केला. रानातला, माळावरचा आणि वस्तीतला समाज यांना जोडणारा देव, हे खंडोबाचे रूप या अभ्यासातून पुढे आले. माळेगावच्या माळावर ते दरवर्षी पाहायला मिळते.

देवस्वारी

पहिल्या दिवशी देवाची पालखी वाजतगाजत मंदिरातून निघते. हलगी, ढोल आणि जयघोष यांच्या गजरात भंडारा व खोबरे उधळले जाते. त्या दिवशी रस्ता, माणसे, वाहने सारे पिवळे होते. लोहा तालुक्यातील रिसनगाव येथील नाईक घराण्याला या पालखीचा परंपरागत मान आहे. पालखीचे शासकीय पूजन होते, मानकऱ्यांचा सत्कार होतो आणि त्यानंतर प्रदर्शनांची उद्घाटने होतात. देवाचा मान आणि शासनाचा शिष्टाचार येथे एकमेकांत असे मिसळले आहेत की कोणता भाग जुना व कोणता नवा, हे सामान्य यात्रेकरूला वेगळे करता येत नाही.

पशुबाजार

माळेगावची ख्याती पसरली ती जनावरांच्या बाजारामुळे. घोडे, गाढवे, उंट, खेचरे, बैल, गायी, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारी कुत्री यांच्या खरेदी-विक्रीसाठी माळावर वेगवेगळ्या जागा पडतात.

घोड्यांत मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबकडील पांढरे नुकरा हे प्रकार दिसतात. घोड्याची किंमत केवळ उंचीवर व चालीवर ठरत नाही. चार पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, गळ्याखाली 'देवमण' नावाचा भोवरा असलेला, असे शुभ मानलेले घोडे महाग जातात. अशुभ मानलेल्या जागी भोवरा निघाला तर उमदा घोडाही पडून राहतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा प्रसिद्ध घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस भरतो. माळेगाव त्यानंतर चौदा दिवसांनी येते, त्यामुळे तेथे न विकलेला घोडा येथे आणता येतो.

गाढवांच्या बाजाराकडे शहरी पाहुणे गमतीने पाहतात. ज्यांच्या घरी तो येतो त्यांच्यासाठी मात्र ती वर्षाची मोठी उलाढाल असते. कुंभाराची माती, वडाराचा दगड, वीटभट्टीच्या विटा आणि भटक्याचे बिऱ्हाड ही ओझी पिढ्यान्‌पिढ्या गाढवाने वाहिली. गाढवाचे वय दातांवरून ठरते. जेजुरीच्या बाजारात दोन दातांच्या जनावराला दुवान आणि चार दातांच्या जनावराला चौवान म्हणतात. काठेवाडी गाढवाला गावठी गाढवापेक्षा अधिक दाम मिळतो.

पशुप्रदर्शनात मराठवाड्याच्या दोन देशी गोवंशांना मानाचे स्थान असते. कंधार परिसरात विकसित झालेला गडद तांबडा 'लाल कंधारी' हा काटक आणि ओढकामाला उत्तम मानला जातो. लातूर जिल्ह्यातील देवणी व उदगीर भागातला 'देवणी' दूध आणि ओढकाम दोन्हींसाठी उपयोगी असून रंगावरून त्याचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन उपप्रकार करतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू काळ्या असलेला तो वानेरा, हे नाव वानराच्या तोंडावरून पडले असे सांगतात. निवडलेल्या जनावरांना बक्षिसे दिली जातात. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी पोसणे परवडेनासे झाले. अशा काळात जातिवंत वळू राखणाऱ्या शेतकऱ्याला चार लोकांत मिळणारा हा मान बक्षिसाच्या रकमेहून मोठा आहे.

बाजाराच्या कडेला जनावरांच्या साजाची दुकाने लागतात. घुंगरमाळा, झुली, गोंडे, म्होरक्या, कासरे, चाबूक आणि घोंगड्या यांचा हा बाजार पाहण्यासारखा असतो.

भटक्यांचा मेळा

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात गावाला लागून जगणाऱ्या फिरस्त्यांचे वर्णन केले आहे. पुढे मराठवाड्यातील लोकसाहित्याचे अभ्यासक प्रभाकर मांडे यांनी या समाजांवर लिहिलेल्या ग्रंथाला 'गावगाड्याबाहेर' असेच नाव दिले. त्या नावात सगळे आले. ज्यांना गाव नाही, शेत नाही आणि वर्षभर एका जागी मुक्काम नाही, त्यांना लग्न जुळवायला, मयताची बातमी द्यायला, देणे-घेणे मिटवायला आणि भांडण सोडवायला एक ठरलेली जागा व एक ठरलेली तिथी लागते. वैदू, गोसावी, घिसाडी, जोशी, मसणजोगी, वडार, कैकाडी अशा जमातींसाठी माळेगाव ही तशी जागा आहे.

पंचांगातील यात्रांचा क्रम त्यांच्या दृष्टीने पाहिला तर तो प्रवासाचा नकाशा दिसतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेडा, वद्य चतुर्दशीला माळेगाव, पौष पौर्णिमेला जेजुरी आणि फाल्गुनात रंगपंचमीला पाथर्डी तालुक्यातील मढी. जेजुरी व मढी येथेही गाढवांचे बाजार भरतात. पोटाच्या पाठीमागे पांगलेली बिऱ्हाडे या ठिकाणी एकत्र येत आणि पुन्हा पांगत.

या मुक्कामांवर ऐकू येणाऱ्या भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वैदू आणि वडार यांच्या बोली तेलुगूच्या जवळच्या, कैकाड्यांची तमिळच्या जवळची, पारधी व घिसाडी यांच्या बोली गुजराती-राजस्थानीशी नाते सांगणाऱ्या, तर बंजारा समाजाची गोरबोली राजस्थानी वळणाची. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा अकरावा खंड (१९२२) भटक्या जमातींच्या बोलींसाठीच राखलेला आहे. त्यात वर्णिलेल्या बोलींपैकी कित्येक एका माळावर, हाकेच्या अंतरावर ऐकायला मिळतात. जगभरच्या संस्कृती एका मैदानात आणण्यासाठी आज मोठमोठ्या शहरांत उत्सव भरवले जातात. उपखंडाच्या चार कोपऱ्यांतून आलेल्या भाषांचा माळेगावातला हा मेळा मात्र कोणी योजलेला नाही.

या मेळ्याची दुसरी बाजू जातपंचायतींची आहे. माळेगावात अनेक जमातींच्या पंचायती बसत आल्या. ज्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची भीती वाटे, त्यांच्यासाठी पंचायत हेच न्यायालय होते. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत पुसला गेला नाही, हे लक्षात घेतले तर ही भीती अनाठायी नव्हती. तथापि पंचायतींनी दिलेला न्याय पुष्कळदा क्रूर असे. जबर दंड, बालविवाह, स्त्रियांच्या शीलाच्या अपमानकारक परीक्षा आणि वाळीत टाकणे यांमुळे या समाजांतील दुर्बळच भरडले गेले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींच्या विरोधात मोहीम चालवली. राज्य विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला व तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यानंतर उघड्यावर बसणाऱ्या पंचायतींचे स्वरूप बदलले. लग्न जुळवणे, शिक्षण आणि जातीचे दाखले हे विषय आता समाजमेळाव्यांतून पुढे येतात. पंचायतीचा अन्याय जावा आणि एकत्र येण्याची जागा राहावी, अशी या समाजांतील शिकलेल्या तरुणांची मागणी आहे आणि ती रास्त आहे.

लोककला

माळेगावात सादर होणाऱ्या कलांचे तीन थर करता येतात.

पहिला थर उपासनेचा. खंडोबाचे वाघ्ये-मुरळी दिमडी, तुणतुणे आणि घोळ यांच्या साथीने जागरण घालतात. देवाच्या लग्नाची, बाणाईच्या प्रेमाची आणि मणि-मल्ल दैत्यांच्या वधाची कथा रात्रभर चालते. शेवटी लोखंडी साखळी ओढून तोडण्याचा 'लंगर तोडणे' हा विधी असतो. येथे प्रेक्षक नसतो. ज्याचा नवस, त्याचे जागरण. मुली देवाला वाहून त्यांना मुरळी करण्याची प्रथा पूर्वी या परंपरेत होती. महाराष्ट्र देवदासी पद्धती निर्मूलन अधिनियम, २००५ ने अशा प्रथेला बंदी आहे. मुरळीचे गाणे ही कला म्हणून जपायची, तर त्या स्त्रियांनी भोगलेले आयुष्यही सांगितले गेले पाहिजे.

दुसरा थर पोटासाठीच्या कलांचा. पोतराजाचा कोरडा, नंदीबैलवाल्याचा गुबुगुबू, बहुरूप्याचा खोटा फौजदार, डोंबाऱ्याची दोरीवरची कसरत, गोपाळांचे मल्लखेळ, गोंधळ्याचे संबळ आणि मसणजोग्याची शंखध्वनीने होणारी हाक ही दारोदार व रस्त्यावर सादर होणारी कला आहे. यांतील काही आता दिसत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अस्वल खेळवणारा दरवेशी आणि नाग दाखवणारा गारुडी यांचा व्यवसाय बेकायदा ठरला. प्राण्यांचे हाल थांबले हे योग्यच झाले. त्या माणसांनी पुढे काय करायचे, याचा विचार कायद्याइतक्या तत्परतेने झाला नाही.

तिसरा थर रंगमंचाचा. जिल्हा परिषदेच्या वतीने भरणाऱ्या पारंपरिक लोककला महोत्सवात वाघ्या-मुरळी, गोंधळ, पोवाडा, भारूड, वासुदेव, धनगरी ओव्या, हलगीवादन, बंजारा लेंगी असे प्रकार सादर होतात. नांदेड जिल्ह्यात बंजारा तांड्यांची संख्या मोठी आहे, शिवाय किनवट व माहूर भागात गोंड, कोलाम व आंध हे आदिवासी समाज राहतात. दंडार हा त्या भागातील नृत्यनाट्याचा प्रकार प्रसिद्ध आहे. रस्त्यावर ज्याला मूठभर धान्य मिळत असे, त्याला येथे ध्वनिक्षेपक, प्रकाश आणि सन्मान मिळतो. पण रात्रभराचे जागरण पंधरा मिनिटांत बसवावे लागते. कथेतील आख्यान गळते आणि उठावाची दोन-तीन गाणी उरतात. हे नुकसान टाळता येण्याजोगे नाही असे नव्हे. मंचावर थोडा वेळ आणि मंदिराच्या आवारात पूर्ण रात्र, अशी दोन्ही रूपे यात्रेत शेजारी शेजारी नांदू शकतात.

लावणी महोत्सव हा यात्रेचा सर्वाधिक गर्दीचा कार्यक्रम होय. तमाशाचे ढोलकी फड आणि संगीत बारी असे दोन प्रकार आहेत. फडात गण, गौळण, बतावणी व वग असतो. संगीत बारीत गायन-नृत्य मुख्य असते. चौफुला, मोडनिंब, जामखेड येथील कलाकेंद्रे संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहेत. महोत्सवाच्या मंचामुळे बारीतील कलावतींना तिकीट न काढणाऱ्या हजारो प्रेक्षकांसमोर येता येते. बैठकीच्या लावणीतील बसून करायची अदाकारी एवढ्या मोठ्या मैदानात मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे नृत्याचा वेग आणि चित्रपटगीतांचा वापर वाढतो. प्रेक्षकांत पुरुषांचे प्रमाण जास्त असते. लावणीला नावे ठेवणारेही तिच्यासाठी जागा धरून बसतात, ही महाराष्ट्राची जुनीच रीत आहे.

याखेरीज तमाशाचे तंबू, आकाशपाळणे, मौत का कुआँ असे खासगी खेळ असतात. त्यांना तिकीट पडते.

कुस्ती व इतर स्पर्धा

कुस्त्यांची दंगल लाल मातीच्या आखाड्यात होते. लहान मुलांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होऊन मानाची कुस्ती अखेरीस लागते. लातूर-नांदेडच्या तालमींबरोबर शेजारच्या राज्यांतील मल्लही उतरतात. अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शने आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती हेही कार्यक्रमात असतात. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

आयोजन

यात्रेचे आयोजन नांदेड जिल्हा परिषद करते. लोहा पंचायत समिती आणि माळेगाव ग्रामपंचायत यांचा त्यात वाटा असतो. पाणी, दिवाबत्ती, आरोग्य पथके, पशुवैद्यकीय सेवा, पोलीस बंदोबस्त आणि वाहतूक यांसाठी सर्व विभागांचे कर्मचारी माळावर मुक्काम करतात. एस.टी. महामंडळाच्या जादा गाड्या सुटतात. कृषी प्रदर्शन, प्रगतिशील शेतकऱ्यांचा सत्कार, महिला व बालकांसाठी स्पर्धा आणि शासकीय योजनांची दालने ही जिल्हा परिषदेने दिलेली भर आहे. देवाची यात्रा एखाद्या लोकनिर्वाचित संस्थेने आपला वार्षिक उत्सव म्हणून चालवावी, हे या यात्रेचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

बदलते स्वरूप

विसाव्या पशुगणनेनुसार देशातील गाढवांची संख्या २०१२ मधील सुमारे ३ लाख २० हजारांवरून २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजारांवर आली. याच काळात घोडे व तट्टे सुमारे ४५ टक्क्यांनी, तर उंट सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाले. ओझे टेम्पोने आणि माती जेसीबीने वाहिली जाऊ लागल्यावर गाढव निरुपयोगी झाले. घोड्याचा उपयोग वरातीपुरता आणि हौसेपुरता उरला. जनावर नाही म्हणून बाजार नाही, बाजार नाही म्हणून मुक्काम नाही, आणि मुक्काम नाही तर त्या मुक्कामावरची गाणी, बोली व सोयरिकी यांनाही आधार राहत नाही. कोविड-१९ च्या साथीत यात्रेत खंड पडला. पाठोपाठ २०२२ साली गोवंशातील लम्पी चर्मरोगामुळे जनावरांचे बाजार व प्रदर्शने यांवर राज्यभर निर्बंध आले. एखादे वर्ष चुकले की नवे गिऱ्हाईक दुसरी वाट धरते, हा बाजारांचा सर्वत्र अनुभव आहे.

कलावंतांसाठी राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. २०२४ पासून तीत दरमहा ५,००० रुपये मिळतात. भटक्या कलावंताला मात्र वयाचा, जातीचा आणि रहिवासाचा दाखला मिळवणे हीच पहिली कसोटी ठरते. गोंधळी समाजातून आलेले बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आणि त्यानंतर भिकू इदाते आयोगाने या समाजांच्या स्थितीवर अहवाल दिले. ओळखपत्रे व निवारा यांचा अभाव दोन्हींत ठळकपणे मांडला आहे. यात्रेच्या काळात हा समाज मोठ्या संख्येने एके ठिकाणी असतो. आरोग्य पथकांप्रमाणे दाखल्यांची शिबिरे येथे नेमाने भरली, तर शासनाला लाभार्थी शोधत फिरावे लागणार नाही.

परिसरातील इतर उत्सव

लातूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर-रत्नेश्वर यांची यात्रा महाशिवरात्रीपासून भरते. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरांच्या परिसरात होट्टल महोत्सव होतो. शिल्पवैभवाच्या पार्श्वभूमीवर निमंत्रित कलावंतांचे गायन व नृत्य असे त्याचे स्वरूप आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारात होला मोहल्ला व दसरा या प्रसंगी हल्लाबोल मिरवणूक निघते, आणि देशभरातून व परदेशांतून शीख भाविक येतात. गुरुद्वारात घोड्यांना विशेष मान असून मिरवणुकीत त्यांचा सहभाग असतो.